पत्रपेटीपर्यंतचा मुलूख

लग्न होऊन लखनौला आल्यानंतर पहिल्याच आठवड्यात श्रीपतने यमुनेला तिचा मुलूख आखून दिला. एका बाजूला दुधाचा बूथ, दुसऱ्या बाजूला भाजीच्या हातगाड्या थांबत तो कडुनिंब, मागे घरमालकांचं फाटक आणि पुढे नाक्यावरची लाल पत्रपेटी. "एवढ्यात सगळं मिळतं," तो म्हणाला, "त्यापलीकडे जायचं काही कारण नाही." आवाज चढला नव्हता. श्रीपत खरातचा आवाज कधी चढतच नसे. त्याची भीती फार सभ्य होती. ती पाहुण्यासारखी हळूच घरात येई आणि मग उठण्याचं नाव काढत नसे.

त्या भीतीला कारण होतं. आठ वर्षांपूर्वी केंद्र सरकारच्या एका हिशेब कार्यालयात तो नोकरीला लागला, तेव्हा हुसेनगंजात त्याने एक खोली घेतली होती. मालकाने सहज विचारलं, "कौन लोग हो?" आणि पोरसवदा श्रीपतने सरळ खरं सांगून टाकलं. संध्याकाळी परतला तर त्याची वळकटी, स्टोव्ह आणि पुस्तकं ओट्यावर नीट मांडून ठेवलेली, आणि खोलीची फरशी धुऊन काढलेली. कुणी शिवी दिली नाही. मालकाची बायको तर म्हणाली, "भैया, बुरा मत मानना." त्या दिवसापासून तो एक विद्या शिकला. 'हम महाराष्ट्र के हैं' एवढं म्हणून थांबायचं. उरलेली जागा समोरचा आपण होऊन भरतो: 'अच्छा, शिवाजी वाले!' आपण होकार द्यायचा नाही; फक्त मान हलवून नकारही द्यायचा नाही. अलीगंजच्या या घरात घरमालक पंडितजींनी विचारलं तेव्हाही त्याने मान हलवली नव्हती. त्या न हललेल्या मानेवर दोन खोल्या, एक नळ आणि हातभर अंगण उभं होतं.

आतल्या खोलीत लाकडी कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूने, बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर लावलेली होती. कपाट उघडलं की विहार, मिटलं की कपाट. घरमालकीण, म्हणजे साऱ्या गल्लीच्या पंडिताइन चाची, निळ्या काठाच्या वाटीतून कधी कढी, कधी लोणचं घेऊन येत. त्यांच्या पायांची चाहूल लागली की यमुनेचा हात आपोआप कपाटाच्या दाराकडे जाई.

दिवाळीला सासू, गयाबाई, जालन्याहून राहायला आली आणि घर आणखी आक्रसलं. भेटेल त्याला हात जोडून 'जयभीम' म्हणायची तिची सवय. छप्पन साली नागपूरच्या मैदानावर दीक्षा घेतल्यापासूनची. श्रीपतने शेजारीपाजारी सांगून ठेवलं की आईला बाहेरची हवा सोसत नाही.

"काय झालंय म्हून सांगितलंस मला?" गयाबाईने विचारलं.

"दमा."

"बरं केलंस. आता खोकायचं कसं तेवढं शिकीव."

यमुना औरंगाबादची. लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी तिचं कॉलेज. तिथे नव्या कवितेच्या नादात तिने बी.ए. केलं; उपयोगाचं असं काहीच केलं नाही, हे तिच्या वडिलांचं म्हणणं. त्या गावात तिने लहानपणापासून परदेशी पाहुणे पाहिले होते. ते लेण्यांपुढे थबकत, ते साहजिकच होतं. पण पंक्चरवाल्याने पाण्यात बुडवलेल्या ट्यूबपुढे, कुणी कुंपणावर वाळत टाकलेल्या गोधडीपुढेही ते लेणं पाहावं तसे उभे राहत. उद्या इथून निघून जाणाऱ्याची नजर होती ती. राहणाऱ्याच्या डोळ्यांवर साय धरते. जाणाऱ्याचे डोळे उपाशी असतात.

लखनौत यमुनेने ती नजर उसनी घेतली. मुलूख लांबवता येत नव्हता, तर तो खोल करावा. रोज दुपारी भाजीच्या निमित्ताने ती निघे, एकच भिंत, एकच दार निवडी आणि उद्या आपली गाडी आहे असं मनाशी धरून ते पाही. कडुनिंबापाशी एक मुसलमान बाई उंबऱ्यावर बसून चिकनचं भरतकाम करत असे. मलमलीवर आधी निळ्या रंगात वेल छापलेली. त्या निळ्यावरून पांढरा दोरा चालायचा, आणि शेवटी धोबी सगळं निळं धुऊन टाकायचा. बूथच्या वरच्या गच्चीत एक म्हातारा कबुतरं उडवायचा. ही सगळी प्रवासवर्णनं यमुना घरी येऊन, भाजी निवडता निवडता, गयाबाईला सांगे.

"कबुतरं माघारी येतात?" गयाबाईने विचारलं.

"येतात ना. त्याने शिट्टी घातली की सगळी."

"मग सोडली कशाला म्हणतो तो?"

यमुनेच्या हातातली गवार तशीच राहिली.

फाल्गुन सरता सरता एके दुपारी गयाबाईच म्हणाली, "पेटीच्या म्होरं काय हाय?"

"मला काय माहीत, आत्याबाई."

"तर जाऊन ये की. मी हितं खोकत बसते, सगळ्यांना वाटंल घरात हाईत दोघी."

अशी ती पत्रपेटी ओलांडली गेली. पहिल्या दिवशी फक्त डालीगंजच्या पुलापर्यंत. गोमतीचं पाणी उन्हाळ्याने खंगून एका कडेला सरकलं होतं. मग पुढच्या आठवड्यांत कैसरबाग, अमीनाबाद. आणि एका दुपारी, लालकुआँच्या बाजूला रिसालदार पार्कपाशी, एका आवारात दोरीवर वाळत घातलेलं वस्त्र तिला दिसलं. लोकांना ते भगवं वाटलं असतं. तिने तो रंग ओळखला. तिच्या कॉलेजात भन्तेजी येत त्यांच्या अंगावरचा. चीवर होतं ते. यमुना प्रवाशाची नजर विसरली आणि घरच्या माणसासारखी आत शिरली. म्हाताऱ्या भिक्खूने सांगितलं की हा विहार आजचा नव्हे, इंग्रजी अमदानीपासूनचा आहे. आसपासच्या जिल्ह्यांतले उपासक पौर्णिमेला येतात. "आप पहले कभी आई नहीं, बेटी?"

त्या संध्याकाळी तिने चहाचा कप श्रीपतपुढे ठेवला आणि उभीच राहिली.

"इथे विहार आहे. रिसालदार पार्कात."

श्रीपतने कप उचलला नाही. "तू तिकडे कशी गेलीस?"

"आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"ऑफिसची बस तिथूनच जाते."

"कधीपासून माहीत होतं?"

"यमुना, पहिल्या महिन्यापासून. पुढे विचारू नकोस. पंडितजींचा भाचा त्याच रस्त्याला दुकान चालवतो. एकदा कुणी आत जाताना पाहिलं, की झालं."

आतून गयाबाईचा आवाज आला. ती कधी ओरडत नसे, आताही ओरडली नाही. "श्रीपा, मी बुद्धाची सावत्थी बघायची म्हून आले हितं. तू म्हनलास लांब हाय. बरं. म्हनलं लांब आसंल. आन् हे?"

श्रीपत उठून अंगणात गेला आणि रिकामी बादली नळाखाली धरून उभा राहिला. पाणी यायची ती वेळ नव्हती.

वैशाख पौर्णिमा त्या वर्षी सोमवारी आली. कचेरीला सुट्टी, म्हणजे श्रीपत दिवसभर घरी. कपाट उघडून तिघांनी वंदना घेतली, ओठातल्या ओठात. शेजारी ट्रान्झिस्टरवर भजन लागलं होतं, त्याच्या आडोशाने. खीर झाली. गयाबाईने खिरीला तोंड लावलं नाही. तिने एवढंच म्हटलं, "बुद्धाफुडं एकदा बसले आसते. मग मेले तरी चाललं आसतं." श्रीपतने ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं, तेही त्या विद्येतलंच.

तो झोपल्यावर दुपारी दोघींचं ठरलं. उद्या मंगळवार, तो कामावर जाईल; मग सरळ रिक्षा करून निघायचं, तो यायच्या आत परत. पंडिताइन चाचींनी 'बड़ा मंगल'बद्दल यमुनेला हिवाळ्यापासून सांगून ठेवलं होतं. जेठातल्या प्रत्येक मंगळवारी अलीगंजच्या हनुमान मंदिरात सारं लखनौ लोटतं, रस्तोरस्ती सरबत आणि पुरी-भाजी वाटतात, रिक्षा मिळत नाही. यमुना गेल्या पावसाळ्यात लग्न होऊन आलेली. तिने जेठ पाहिला नव्हता. तरी तिने आठवणीने विचारलं, "आत्याबाई, जेठ कधी लागतो?" गयाबाईने बोटांची पेरं मोजली. "आजूक पंधरा दिस. आवस झाल्याबिगर ज्येष्ठ कसा लागंल?" गोदाकाठी महिना अमावास्येला संपतो. इथे तो पौर्णिमेलाच संपतो, हे दोघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. आज पौर्णिमा होती. उद्या जेठाचा पहिला मंगळवार होता.

सकाळी श्रीपत गेला. गयाबाईने ट्रंकेतलं पांढरंशुभ्र लुगडं नेसलं, यमुनाही पांढऱ्या साडीत, हातात पानांत गुंडाळलेली मोगऱ्याची फुलं. यमुनेने फाटक उघडलं. गल्लीच्या तोंडाशी मांडव, बर्फाच्या लाद्या, गुलाबी सरबताचे हंडे, कर्ण्यावरून चालीसा. आणि फाटकाशीच लाल साडीतल्या पंडिताइन चाची, हातात लाडूंची परडी, पुढ्यात एकुलती एक रिक्षा.

"अरे बहू! और माँजी भी! हम तो समझे थे, माँजी से चला नहीं जाता। पहला बड़ा मंगल है, बजरंगबली ने ही बुलाया होगा। आओ, आओ, अब दूसरी रिक्शा कहाँ मिलेगी, इसी में तीनों बैठ जाते हैं!"

'नाही' म्हणायला एक श्वास लागतो. तो यमुनेने घेतला, पण चाचींनी तोवर गयाबाईचं मनगट धरून तिला वर घेतलं होतं. दोघींच्या मधे पांढरी गयाबाई, अंग चोरून. रिक्षा शहराकडे पाठ करून देवळाकडे चालू लागली.

"कुठं घिऊन चालली ही बाई?" गयाबाईने समोर पाहतच विचारलं. मराठी ही त्या रिक्षात दोघींची आतली खोली होती.

"देवळात."

"कोनाच्या?"

"मारुतीच्या. आत्याबाई, आज जेठ लागलाय इथे."

"तुझ्या त्या जेठाला... थांबव रिक्षा."

"थांबवून काय सांगू? घर जाईल."

"माँजी क्या कह रही हैं?" चाचींनी कौतुकाने विचारलं.

"गर्मी बहुत है, कहती हैं."

"बस, पहुँच ही गए।" चाचींनी परडीतला एक लाडू गयाबाईच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं मायेने मिटवली. गयाबाई ती मूठ अंगापासून दूर धरून बसली, जणू निखारा. रस्त्याच्या कडेने माणसं दंडवत घालत देवळाकडे सरकत होती. तापल्या डांबरावर आडवं व्हायचं, हात पुढे टाकायचे, उठायचं, पुन्हा आडवं. एरवी यमुना हे सारं डोळ्यांत भरून घेती. आज तिला फक्त गर्दी मागून मिटत येताना दिसत होती. रिक्षा जिथून आली ती वाट उरलीच नव्हती.

देवळापाशी चपलांचे ढीग होते. चाची खाली उतरल्या, पदर डोक्यावर घेतला. "चप्पल यहीं उतार दो, बहू। माँजी को हम पकड़ लेंगे।"

आणि तेव्हा, अगदी कडेला आल्यावर, यमुनेला एक फट दिसली. इतके दिवस ती जे करत आली तेच करायचं होतं. पाहायचं. पाहणं म्हणजे पूजणं नव्हे. लेण्यांत येणारे गोरे लोक कुठे कुणाला शरण जात? आत जावं, शिखर पाहावं, दिवे पाहावेत, हात न जोडता गर्दीबरोबर बाहेर यावं. संध्याकाळी नळाला पाणी येईल, कपाट मिटलेलं राहील, श्रीपतला कळणारही नाही.

"आत्याबाई," ती वाकून म्हणाली, "नुसतं बघायचं. हात जोडायचे नाहीत. प्रवासी बघतात तसं बघून यायचं."

गयाबाईने तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, खूप दुरून आल्यासारखं.

"तू आसशील परवाशी, यमुने. मी ऱ्हाते हितं. मला बघून काय करायचंय? मी छप्पन साली हात वर करून शब्द दिला, तवा माझ्यापाशी घर न्हवतंच. आता घरासाठी तो मोडू?"

गर्दीचा एक लोट आला आणि रिक्षा हलली. यमुनेने दांडी घट्ट धरली. तिला एकाएकी दिसलं की आपली ती उपाशी नजर आणि श्रीपतची न हलणारी मान ही एकाच घरातली दोन माणसं होती. दोघंही उद्या निघून जाणार असल्यासारखे इथे राहत होते.

"चाची," ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला कर्ण्यापेक्षा मोठा वाटला, "हम अंदर नहीं जाएँगे। हम बौद्ध हैं। बाबासाहब वाले।"

फुलवाला पोरगा वळून पाहू लागला. दोन बायका थबकल्या. चाचींनी परडीवरचं फडकं नीट केलं. एका कोपऱ्यात ते सारखं होतं, तरी पुन्हा केलं.

"हमें मालूम है, बहू।"

यमुनेला वाटलं, आपल्याला नीट समजलं नाही.

"मार्च में ग्रहण लगा था न? सारे मुहल्ले के चूल्हे ठंडे पड़े थे, और तुम्हारे यहाँ रोटी सिंक रही थी। खुशबू हमारे कमरे तक आई। पंडितजी ने उसी रात कहा था। हमने कहा, रहने दो, शरीफ लोग हैं, अपने मुँह से तो कुछ कहते नहीं।"

यमुनेच्या डोळ्यांपुढे निळ्या काठाची वाटी आली. कढी असो, लोणचं असो, नेहमी तीच एक वाटी. चाचींच्या घरात दुसऱ्या कशासाठी ती बाहेर निघत नसणार.

"तो फिर, चाची?"

"फिर क्या? मालूम होना एक बात है, सुन लेना दूसरी। अब तुमने बीच बाज़ार में कह दिया। अब हम न सुनने का बहाना कैसे करें?" त्यांचा स्वर दुखावलेला होता, खरोखर दुखावलेला, यमुनेनेच काही मोडलं असावं तसा. "बरसात से पहले कहीं देख लेना। गलत मत समझना। और माँजी को धूप में मत रखो, साँस की मरीज़ हैं।"

"इनको बोलो," गयाबाई तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "मेरे को दमा-बिमा कुछ नहीं। जयभीम।" आणि तिने वाकून तो लाडू चाचींच्या परडीत परत ठेवला. चाची गर्दीत शिरल्या. ती परडी त्यांनी आत देवापुढे नेली की वाटेत कुणाला देऊन टाकली, ते दोघींना कधी कळलं नाही.

रिक्षावाला एवढा वेळ पायडलवर पाय ठेवून उभा होता. "अब कहाँ?"

"पुलाकडे," यमुना मराठीतच म्हणाली, मग सावरली. "पुल तक। वहाँ से रिसालदार पार्क का टेंपो लेंगे।"

संध्याकाळी श्रीपतला फाटकातच पंडितजींनी गाठलं होतं. तो आत आला तेव्हा कपाटाचं दार सताड उघडं होतं आणि गयाबाई त्यापुढे बसून मसूर निवडत होती. तो खाटेवर टेकला. शर्टाची बटणं काढायचीही त्याला शुद्ध नव्हती.

"बरसातीच्या आत म्हणाले."

"मला चाचींनी सांगितलं."

"मी शपथेवर सांगतो, माझ्या तोंडून एक शब्द गेला नव्हता."

"त्यांना ग्रहणापासून माहीत होतं," यमुना म्हणाली.

श्रीपतच्या चेहऱ्याकडे पाहवेना. आठ वर्षं ज्याने श्वास धरून ठेवला, त्याला कुणीतरी सांगितलं होतं की तू पाण्यात नव्हतासच. बाहेर मांडवाचे बांबू सोडवत होते. एकेक बांबू जमिनीवर पडल्याचा आवाज येत होता. रागावेल, असं तिला वाटलं. रडेल, असंही. त्याने दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले.

"हुसेनगंजात कुणी आता देणार नाही," शेवटी तो म्हणाला. "डालीगंजात बघावं लागेल. नाहीतर एकदम चिनहटला. बस लांब पडेल."

"पडू दे लांब," गयाबाई मसुरातून मान वर न करता म्हणाली.

मग त्याने खालच्या आवाजात, बायकोला नव्हे, समोरच्या भिंतीला विचारलं, "आई विहारात गेली होती?"

"गेल्या होत्या."

"आत कसं आहे?"

यमुना चमकली. "तुम्ही एकदाही..."

"बसमधून दिसतं तेवढंच. फाटक आणि एक झाड. तेही बस उभी राहिली तर."

तिने सांगायला तोंड उघडलं. वर्षभर ती भिंती, उंबरे, कबुतरं सांगत आली होती. आता एकही शब्द हाताशी येईना. मूर्तीचा चेहरा आठवेना. मोगरा कुठे ठेवला, तेही आठवेना.

"पंखा बंद होता," ती म्हणाली. "लाइट गेली होती. आत्याबाईंनी वंदना घेतली आणि मग भिंतीला टेकून झोपल्याच. भन्तेजी म्हणाले, उठवू नका."

"झोपली? तिथेच?"

"घोरत होत्या."

"घोरत न्हवते," गयाबाई म्हणाली.

श्रीपत खाटेवरून उतरून जमिनीवर आला, आईपासून हातभर अंतरावर, आणि ताटातले दोन-चार मसूर उगाचच बोटाने इकडचे तिकडे केले.

"खाली काय आहे? सतरंजी घालतात?"

"नाही. नुसती फरशी."

"तापत असेल."

"नाही," यमुना म्हणाली. "गार होती."